रुतलेलं सूत

बोन्साय करते म्हटलं की लोक आधी झाडाची कीव करतात आणि मग माझ्याकडे संशयानं बघतात. "झाडाला दुखत असेल ना हो?" हा पहिला प्रश्न. दुसरा जरा आवाज खाली आणून, "घरात ठेवलं की माणसांचीपण वाढ खुंटते म्हणतात, खरं का?" पहिल्या प्रश्नाला पूर्वी मी नीट बसवून उत्तर द्यायची. आता वय झालं, धीर उरला नाही. आता विचारते, तुम्ही केस कापता तेव्हा बोंब मारता का? दुसऱ्याला सांगते की माझी गच्ची ह्या झाडांनी भरली आहे आणि माझी दोन्ही मुलं दार वाकून ओलांडतात, इतकी उंच झाली. लोक हसतात, मान डोलावतात आणि झाड न घेता निघून जातात.

सोलापुरात मी हे काम उभ्या आयुष्यभर केलं. झाडं वाढवली, विकली, आजारी पडली तर घरी जाऊन बघितली, बायकांचे वर्ग घेतले. कोणी मला बोन्सायवाल्या काकू म्हणतं, कोणी कुंडीवाल्या बाई. आमच्या घरी कानडी, त्यामुळे पुष्कळांची मी अक्का. एका प्रदर्शनात मंगळवेढ्याकडचे एक म्हातारे शेतकरी माझ्या चिंचेसमोर येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "बाई, ही चिंच हाय न्हवं? आमच्या बांधाव केवढी हाय! हिला उपाशी ठिवलंय का काय?"

"नाही हो दादा, चांगलं खातंपितं झाड आहे."

"मग आजारी हाय?"

"आजारी पण नाही."

"मग असं का क्येलं हिला?"

तेवढ्यात त्यांना पानांआड बोटभर लांबीच्या चिंचा लोंबताना दिसल्या. म्हातारा एकदम खूश झाला. "आरं, लेकुरवाळी हाय की! मग आपलं काय म्हननं न्हाय." माझ्या कामाला मिळालेलं त्याहून चांगलं शिफारसपत्र मला आठवत नाही.

आता ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवणं नव्हे. उथळ कुंडीत झाड लावायचं, ठरावीक काळानं मुळं छाटायची, वरच्या फांद्या छाटायच्या, तार गुंडाळून फांदीला वळण द्यायचं, आणि पाणी-खत वेळेवर घालत बसायचं. बस. अवघड आहे ते हे सगळं वर्षानुवर्षं न कंटाळता करणं. मी सुरुवात केली तेव्हा पुस्तकांत सगळी थंड मुलखातली झाडं. देवदारासारखं एक झाड मी हौसेनं पुण्याहून आणलं. पहिल्याच होळीला ते वाळून त्याची शेणी झाली. मग डोकं ठिकाणावर आलं. जे सोलापूरच्या भिंतीत उगवतं तेच सोलापूरच्या कुंडीत जगतं: वड, पिंपळ, उंबर. बंद पडलेल्या मिलच्या भिंतींत पाखरांनी टाकलेलं बी रुजतं, वर्षानुवर्षं चुन्याविटांवर जगतं, बुंधा जाड आणि उंची वीतभर. आमचं अर्धं काम भिंतीनंच केलेलं असतं.

पाण्याचं मात्र विचारू नका. आमच्याकडे नळाला चार-चार दिवस पाणी नाही आणि उन्हाळ्यात उथळ कुंडी सकाळी भिजवली तर दुपारी भाकरीच्या तव्यासारखी तापते. माझे यजमान रेल्वेत होते. झाडांतलं त्यांना काही कळायचं नाही, वडाला उंबर म्हणायचे. पण पाणी आलं की पाईप धरून गच्चीवरची सगळी पिंपं भरायचे आणि मग खाली येऊन म्हणायचे, "तुझ्या लेकरांचं दूध आलं बघ." ते गेल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात पाणी आलं त्या दिवशी मी पिंपापाशी बसून रडले. वरून पाईप धरायला कोणी नव्हतं, आणि खाली नळ सोडायलाही मीच.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका बिल्डरनं केबिनमध्ये शोभेला उंबर नेला, दिवसभर एसी, खिडकीला काळी काच. पानं गळाली तसा त्याचा फोन, "मॅडम, वॉरंटीत बसतंय का बघा की." अशांवर मी ओरडायची. माझ्या ओरडण्याची ख्याती आहे. पण ज्या माणसावर सगळ्यात जास्त ओरडले आणि ज्यानं ते सगळ्यात गोड मानून घेतलं, त्याच्याबद्दल लिहायला आज बसले आहे.

अंबादास पूर्व भागातला. तेलुगू घर, बापजाद्यांपासून विणकाम. खाली टॉवेलचे माग, वर राहायची जागा. एकदा भर दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. हातात ओल्या टॉवेलात तान्ह्या बाळासारखं काहीतरी गुंडाळलेलं. उघडलं तर वडाचं रोप, मुळांना अजून विटेचा तुकडा चिकटलेला.

"अक्का, माझा बाप मिलमधी होता. मिल गेली, बाप गेला. हे तेवढं भिंतीत राहिलं होतं. भिंत पाडायलेत म्हणून काढून आणलो. ह्याचं कायतरी करा की."

मी म्हटलं, मी करणार नाही, तू करायचंस, मी शिकवते. पुढची कितीतरी वर्षं तो शिकत राहिला. मागावर तुटलेला धागा चालत्या यंत्रात सांधणारी त्याची बोटं. तार गुंडाळावी तर त्यानंच. मी सांगायची, तार तिरकी जाऊ दे, घट्ट नको, आणि पावसाळ्यात रोज बघ. वड पावसात भराभर पोसतो. तार वेळेवर काढली नाही तर सालीत बसते, मग खोडावर कायमचा वळ. त्याला आम्ही 'तार रुतली' म्हणतो. आमच्या धंद्यात कोणाच्या झाडाला तार रुतलेली दिसली की आम्ही नजर दुसरीकडे वळवतो, एखाद्याचं मूल मळकट कपड्यांत शाळेत आलेलं दिसावं तसं. अंबादासच्या वडाला कधी साधा ओरखडा आला नाही. त्याची बायको पद्मा मला चहा देता देता म्हणायची, "ह्यांनी घरात सवत आणली बघ अक्का. सकाळी उठल्याबरोबर हिचं तोंड बघत्यात, माझं न्हाई."

अक्का हा शब्द तिच्या तेलुगूतही मोठ्या बहिणीचा आणि माझ्या कानडीतही. तिच्या तोंडून तो ऐकला की मला खरंच धाकटी बहीण असल्यासारखं वाटायचं.

मग अंबादासची मूत्रपिंडं गेली. डायलिसिस सुरू झालं. माग निम्मे बंद झाले. माणूस सुकत गेला, पण वडापाशी खुर्ची टाकून बसणं सुटलं नाही. एकुलती एक मुलगी हैदराबादला, ती येऊन-जाऊन. सगळं पद्मावर.

त्यांच्या घरात मुळात वटपौर्णिमा नव्हती. पण गल्लीत सगळ्या करणाऱ्या, त्यांचं बघून पद्माही करायची. देवळामागच्या मोठ्या वडाला जायची, फेरे घालायची, आंबे घेऊन घरी यायची. ज्या वर्षी तो फार आजारी होता त्या वर्षी त्याला एकटं टाकून जाणं शक्य नव्हतं. मग तिनं घरातलाच वड स्टुलावर ठेवला, स्टूल खोलीच्या मधोमध ओढलं, हळदकुंकू वाहिलं आणि बुंध्याला सूत गुंडाळत त्याच्याभोवती सात फेरे घातले. पलंगावरून अंबादास बघत होता. मला नंतर त्यानं हसत हसत सांगितलं, "अक्का, इवलंसं झाड आणि ही केवढी! घिरट्या घालताना हिलाच चक्कर आली."

आणि त्यानंतर तो सुधारला. डॉक्टरांनी औषध बदललं होतं म्हणून असेल, कशानंही असेल. जेवायला लागला, जिना उतरून मागापर्यंत गेला. पद्माच्या मनानं घेतलं की सूत लागू पडलं.

मी गेले तेव्हा श्रावण लागला होता. वड बघितला आणि हातातली पिशवी तिथंच खाली ठेवली. बुंध्याच्या मधोमध सूत तसंच होतं, आणि ते पूजेच्या दुकानातलं कच्चं सूत नव्हतं. ते पावसात कुजून आपोआप गळून पडतं. घरात माग असलेली बाई दुकानातून सूत कशाला आणेल? तिनं मागावरचं, टॉवेलाच्या किनारीचं पिळाचं सूत घेतलं होतं, पॉलिस्टर मिसळलेलं, बैल बांधला तरी तुटायचं नाही. तेही मनापासून ओढून, नवऱ्याच्या आयुष्याची गाठ म्हणून. पावसाळ्यात वड फुगला होता आणि सूत सालीत उतरलं होतं. सुताच्या वर खोड सुजलेलं, शेंड्याची पानं पिवळी.

"पद्मा, कात्री आण. हे आत्ता कापायला हवं."

ती कुंडी आणि मी ह्यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. "हात लावू नको अक्का."

"अगं, झाड मरेल."

"मरू दे. सूत सोडायचं न्हाई." मग माझ्याकडे न बघता, "आणि तू तर न्हाईच."

तू तर नाहीच. का, ते तिनं सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. माझं कपाळ मोकळं होतं. आमच्यात विधवेचं असलं काही मानत नाहीत म्हणतात. मानणारे मानतातच. नवरा गेल्यावर माझ्या हातून बाकी पुष्कळ सुटलं होतं, पण माझ्या झाडांना हात लावू नको असं त्या दिवसापर्यंत मला कोणी म्हटलं नव्हतं. ते मला लागलं. फार लागलं. मी पिशवी उचलून निघाले.

जिन्यात अंबादासनं गाठलं. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आला. मला वाटलं, माफी मागेल. त्यानं काही मागितली नाही.

"अक्का, मला दिसतंय ते. रोज बघतो. रोज थोडं थोडं आत जायलंय."

"मग सांग की तिला. तुझं ऐकेल ती."

"काय सांगू? तिला वाटतंय त्या सुतानं मला धरून ठेवलंय." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "आणि खरं सांगू? मला बी भ्या वाटतं. तोडलं आणि काय झालं तर? मी मेलो तर मेलो, पण ती आयुष्यभर म्हणंल, सूत सोडलं म्हणून हे गेले."

ह्या माणसानं ते झाड भिंतीतून काढलं होतं, बापाची खूण म्हणून, आणि आता बायकोच्या मनापायी ते मरताना बघत बसायला तो तयार होता. मी घरी आले. ओरडायला कोणी समोर नव्हतं, म्हणून भांड्यांवर राग काढला.

मग सुचलं. सुचलं म्हणजे माझं मलाच हसू आलं, कारण हे आमच्या धंद्यातलं पहिलीच्या वर्गातलं ज्ञान. गुटी कलम सगळ्यांना माहीत असतं: फांदीची साल काढायची किंवा तार करकचून आवळायची, म्हणजे पानांनी केलेलं अन्न खाली उतरत नाही, तिथंच साठतं. त्या फुगलेल्या जागेवर ओलं काहीतरी बांधलं की तिथून नवी मुळं फुटतात. पद्मानं नकळत माझ्यासाठी निम्मं कलम बांधून ठेवलं होतं. आणि झाड वडाचं. वरून खाली मुळं सोडायला त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

मी परत गेले. दारातूनच सांगितलं, "सुताला हात लावत नाही. त्याच्या वर नारळाच्या काथ्याचा ओला भुसा बांधते. चालेल?"

पद्मानं सुताला बोट लावून बघितलं. "सूत भिजलं तर?"

"झाडाला पाणी घालतेसच की. पावसात वडाचं सूत भिजत नाही का?"

"भिजतं," ती म्हणाली आणि बाजूला झाली. मी भुसा बांधत असताना पूर्ण वेळ माझ्या हातांकडे बघत बसली. शेवटची गाठ मारायला मात्र तिनंच बोट दिलं.

त्यानंतर तो भुसा ओला ठेवायचं काम तिचं. नळाला पाणी नसेल त्या दिवशी प्यायच्या हंड्यातलं वाटीभर काढून घालायची. मी अधूनमधून जायची. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. दिवाळीच्या सुमारास भुसा सोडला तर पांढरी कोवळी मुळं सुतावरून खाली लोंबत होती, म्हातारीच्या केसांसारखी. अंबादासनं ती एकेक करून बोटानं मातीत रोवली. मी ओरडले, "हळू! मागाचा धागा आहे का तो?" तो म्हणाला, "अक्का, तुमी ओरडलात की बरं वाटतं. घरात सगळी हळूच बोलायलेत."

वडाला नवी पानं आली. वर्ष-दीड वर्षात ती मुळं बोटाएवढी जाड झाली, एकमेकांना चिकटली, वडाची चिकटतातच, आणि सूत त्यांच्या आड गेलं. पुढच्या वटपौर्णिमेला मी पद्माला म्हटलं, ह्या वेळी सूत कुंडीभोवती गुंडाळ, झाड आणि कुंडी एकच. तिनं ऐकलं. जुनं सूत तिथं आहे एवढं तिला पुरे होतं.

अंबादास ह्या वर्षी शिवरात्रीनंतर गेला. डायलिसिसलाच गेला होता, परत आला नाही. मी गेले तेव्हा गल्लीतले माग बंद होते आणि त्या गल्लीत मी पहिल्यांदा इतकी शांतता ऐकली. पद्मा भिंतीला टेकून बसली होती. वड खिडकीत होता, त्याला त्या दिवशी कोणी पाणी घातलं नव्हतं. मी घातलं. एवढंच सुचलं.

वटपौर्णिमेच्या सकाळी तिचा फोन आला. "अक्का, ये. तुझी हत्यारं घेऊन ये."

गल्लीतून बायका ताटं घेऊन देवळाकडे निघाल्या होत्या. नव्या साड्या, आंब्यांचा वास. पद्माचं दार लोटलेलं. आत वड जमिनीवर ठेवलेला आणि ती समोर बसलेली.

"ते सूत काढ."

मी पिशवी खाली ठेवली.

"मी बांधले ते ह्यांच्यासाठी. आता हे न्हाईत. शेजारच्या म्हणायल्यात, बांधलेलं सोडलं न्हाई तर जीव अडकून राहतो, पुढं जात न्हाई. रात्री झोप लागंना मला." मग तिनं माझा हात धरला. "तेव्हा तुला नको म्हटलं मी. आता तूच सोड. सवाशिणीला कसं सांगू?"

तो हात मी सोडवून घेतला नाही. त्या दिवशी जिना उतरताना जे लागलं होतं, ते कुठे गेलं कोण जाणे. तिच्या शेजारी बसले, चष्मा लावला, चिमटा घेतला आणि मुळं बाजूला सारायला लागले. सरेनात. सगळी एक झाली होती. एका फटीत विटक्या, विरलेल्या लाल सुताचं टोक दिसलं. चिमट्यानं ओढलं तर तेवढंच तुकडा होऊन हातात आलं. बाकीचं लाकडाच्या आत. मी पुष्कळ वेळ शोधलं. कसबी हात आहेत माझे, पण जिथे वाटच नाही तिथे हात काय करणार?

"पद्मा, निघत नाही गं."

"काप मग."

"कापायचं तर खोड मधून कापावं लागेल. झाड राहणार नाही."

बाहेर बायका परत येत होत्या, कोणाची तरी बांगडी दाराला लागून वाजली.

"आतच राहणार?"

"झाड आहे तोवर."

"ह्यांना त्रास?"

ह्या प्रश्नाला माझ्या धंद्यात उत्तर नव्हतं. मी फक्त मला दिसत होतं ते सांगितलं. "आता सूत झाडाला आवळत नाही, पद्मा. झाड त्याला आत घेऊन मोठं झालं."

तिनं तो सुताचा तुकडा माझ्या हातातून घेतला, बघितला आणि मुळाशी ठेवला. "मग राहू दे की," म्हणाली. उठली, हंड्यातून तांब्या भरून आणला. पूजा नव्हती, हळदकुंकू नव्हतं, नुसतं पाणी. ओतता ओतता ती वडाशी तेलुगूत बोलायला लागली, हळू आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. मला तेलुगू येत नाही. त्यातला एकच शब्द मला कळला: अंबादास. इतक्या वर्षांत नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.